हिज्जे: फैजान जकी आणि त्याचे दोन शब्द

२९ मे २०२५ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे ३० मेची सकाळ उजाडली तेव्हा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका मंचावर स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवट चालू होता. टीव्हीवर थेट प्रक्षेपण होते. २४३ मुलांमधून शेवटी दोघे उरले. एकाचे नाव फैजान जकी, वय १३, कुटुंब मूळ हैदराबादकडचे. दुसऱ्याचे नाव सर्वज्ञ कदम, वय १४.

या दुसऱ्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून मी थांबलो. त्यात ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय ही अक्षरे आहेत. हिंदीभाषक माणूस तिथे जी-वाय लिहितो. ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ करणारी आणि तो इंग्रजीत तसाच उतरवणारी माणसे आपली, मराठी. कदम हे आडनाव तर सांगायलाच नको. एक दख्खनी मुसलमान घरातला पोरगा आणि एक मराठी नावाचा पोरगा, सातासमुद्रापार, तिसऱ्याच भाषेच्या शब्दकोशासाठी समोरासमोर उभे होते. या लढतीची गोष्ट आपल्याकडे दोन ओळींच्या बातमीत संपली. ती त्याहून मोठी आहे.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. त्याला ‘स्पेलिंग बी’ म्हणतात. इथे ‘बी’ म्हणजे मधमाशी नव्हे. शेजाऱ्यांनी एकत्र जमून एखादे काम उरकायचे, त्या जमण्याला अमेरिकेत हा शब्द होता. आपल्याकडे शेतात इर्जिक करतात, तसेच काहीसे. १७८३ साली नोआ वेबस्टरने शाळकरी मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक काढले आणि ते घरोघर पोचले. पाठांतराची सवय लागली, त्यातून गावोगावच्या स्पर्धा आल्या. राष्ट्रीय स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. नऊ वर्तमानपत्रांनी आपापली मुले वॉशिंग्टनला पाठवली आणि ११ वर्षांचा फ्रँक न्यूहाउझर ‘ग्लॅडिओलस’ या फुलाचे स्पेलिंग सांगून जिंकला. १९९४ पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर स्पर्धा दिसू लागली. शब्दांचा खेळ क्रिकेट-फुटबॉलसारखा पाहिला जाऊ लागला.

पण हा मंच सगळ्यांचा नव्हता. १९३६ साली ओहायोतल्या अॅक्रन गावची मॅकनोलिया कॉक्स ही १३ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी अंतिम फेरीत पोचली. वॉशिंग्टनमध्ये इतर स्पर्धकांच्या हॉटेलात तिला उतरता आले नाही. जेवणाच्या समारंभात तिला वेगळे बसवले. ती टिकून राहिली, तेव्हा तिला ‘नेमेसिस’ हा शब्द देण्यात आला. हे एका ग्रीक देवतेचे नाव, आणि विशेषनामे तेव्हा स्पर्धेत द्यायची नसत. तिच्या बाजूने तक्रार झाली, ती फेटाळली गेली. मॅकनोलिया पाचवी आली. त्यानंतर एका आफ्रिकन अमेरिकन मुलीला ही स्पर्धा जिंकायला २०२१ साल उजाडावे लागले. झायला अव्हाँ-गार्द हिचा शेवटचा शब्द होता ‘मुराया’. आपल्या फोडणीतला कढीपत्ता शास्त्रज्ञांनी ज्या वनस्पतींच्या गटात बसवला, त्या गटाचे हे नाव.

भारतीय मुलांचा पहिला विजय १९८५ चा. त्या वर्षी बालू नटराजन जिंकला. १९९९ साली नूपुर लाला जिंकली, तिच्या स्पर्धेवर निघालेला ‘स्पेलबाउंड’ हा माहितीपट गाजला आणि हजारो भारतीय घरांत शब्दांच्या याद्या आल्या. नॉर्थ साउथ फाउंडेशन नावाची अनिवासी भारतीयांची संस्था १९८९ पासून काम करते. ती मुलांसाठी गावोगाव अशा स्पर्धा भरवते आणि भारतातल्या गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. राष्ट्रीय मंचाच्या आधीची तालीम मुलांना तिथे मिळाली. २०१९ साली तर अजब झाले. मध्यरात्र उलटली, शब्द संपत आले, मुले चुकेनात. शेवटी आठ जणांना एकत्र विजेते घोषित केले. त्या आठांत सोहम सुखठणकर हे नाव होते. फैजानपर्यंतच्या ३६ विजेत्यांपैकी ३० भारतीय वंशाचे आहेत.

त्याच २०१९ च्या स्पर्धेत एक सात वर्षांचा मुलगा होता. तो फैजान. तो ३७० व्या क्रमांकावर राहिला. आठ विजेत्यांच्या जल्लोषात ३७० वा कुणाला दिसणार? २०२३ मध्ये तो परत आला आणि २१ वा आला. २०२४ मध्ये तो शेवटच्या दोघांत होता. समोर बृहत सोमा. बरोबरी फुटेना म्हणून ९० सेकंदांत जितकी जमतील तितकी स्पेलिंगे सांगायची, असा निर्णायक डाव झाला. बृहतची २९ बरोबर आली, फैजानची २०. एवढ्या जवळ येऊन हरलेली मुले सहसा परतत नाहीत. काहींचे वय निघून जाते, काहींचे मन. उपविजेता पुन्हा येऊन जिंकला असे शंभर वर्षांत मोजक्या वेळाच घडले होते, आणि २००१ नंतर एकदाही नाही.

आता थोडे हिज्ज्यांबद्दल, कारण उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा खेळ आतून कळतो. आपल्यातल्या बहुतेकांनी स्पेलिंग हा शब्द ऐकण्याआधी हिज्जे केले आहेत. मकतबमध्ये कायदा उघडून, डोलत डोलत, अलिफ जबर अ, बे जबर ब. अक्षर वेगळे, त्यावरची खूण वेगळी, मग दोन्ही मिळून आवाज. मराठी लिपीत याची गरज फारशी पडत नाही. तिथे र्‍हस्व-दीर्घाची मारामारी असते. उर्दूत मात्र ‘स’ तीन आहेत: से, सीन, साद. ‘त’ दोन. ‘ह’ दोन. आणि ‘जहाज’मधल्या ‘ज’चा आवाज देणारी अक्षरे चार: जाल, जे, ज्वाद, जोय. अरबीत हे सगळे आवाज वेगवेगळे होते. उर्दूत येताना आवाज एक झाले, अक्षरे मात्र आपापली ओळख धरून राहिली. इंग्रजीचेही तसेच. फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, अरबी, हिंदुस्तानी, जिथून शब्द आला तिथली अक्षरे अंगावर घेऊनच तो शब्दकोशात बसला.

या मुलाचेच नाव घ्या. फैजानमधला ‘ज’ हा ज्वाद. जकीमधला कोणता? जालने लिहिले तर जकी म्हणजे तल्लख बुद्धीचा. जेने लिहिले तर जकी म्हणजे शुद्ध, पाक. कानाला दोन्ही सारखेच. ऐकून ठरवता येत नाही, अर्थ विचारावा लागतो. म्हणून स्पेलिंगच्या स्पर्धेत मुलाला प्रश्न विचारायची मुभा असते. अर्थ काय? शब्द कोणत्या भाषेतून आला? वाक्यात वापरून दाखवा. दुसरा उच्चार आहे का? ही मेहेरबानी नाही, तो खेळाचाच भाग आहे. पाठ केलेल्या शब्दांवर थोडे अंतर कापता येते. कधीच न पाहिलेला शब्द समोर आला की हे प्रश्नच वाट दाखवतात.

२०२५ च्या अंतिम फेरीत फैजान नेमका इथेच घसरला. तिघे उरले होते. एका फेरीत बाकी दोघांचे शब्द चुकले. फैजानने एक शब्द बरोबर सांगितला असता की स्पर्धा तिथेच संपत होती. शब्द आला ‘कॉमेलिना’. त्याने काहीच विचारले नाही. ना अर्थ, ना मूळ. ऐटीत सुरुवात केली: के, ए, एम… आणि अडखळला. चूक त्याच्या लक्षात आली, पण उच्चारलेले अक्षर मागे घेता येत नाही. घंटा वाजवून टाका, असे त्यानेच परीक्षकांना सांगितले. शब्द सी-ने सुरू होतो. कॉमेलिन या आडनावाच्या डच वनस्पतीशास्त्रज्ञांवरून ठेवलेले नाव आहे ते. अर्थ विचारला असता तर ‘वनस्पतींची एक प्रजाती’ असे उत्तर मिळाले असते आणि गाडी रुळावर आली असती.

गंमत अशी की ही कॉमेलिना खानदेशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तिला आपण केना म्हणतो. पावसाळ्यात कपाशीत माजणारे, निंदून निंदून हात दुखवणारे, कोवळे असताना खुडून भाजी करता येणारे, निळ्या फुलांचे तण. चाळीसगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी सुट्टीत केना उपटला असेल. हा शब्द विद्वानांचा आणि ते गवत आपले, अशी जी भिंत आपण मनात बांधतो, ती किती पातळ असते पाहा.

बाकी दोघे स्पर्धेत परत आले. वर्षभरापूर्वी ९० सेकंदांत हरलेला मुलगा आता हातातला डाव स्वतः घालवून बसला होता. तरी तो उभा राहिला. पुढच्या शब्दांना सावरला. सर्व धारवणे हा ११ वर्षांचा मुलगा तिसरा आला. सर्वज्ञ कदमचा दक्षिण अमेरिकेतल्या एका नदीच्या नावाशी अडखळून शेवट झाला. मग फैजानपुढे ‘एक्लेरसिस्मां’ हा फ्रेंच शब्द आला. या वेळीही त्याने काही विचारले नाही, पण या वेळी त्याला शब्द खरोखर ठाऊक होता. ठाऊक असणे आणि ठाऊक आहे असे वाटणे यातला फरक त्याला थोड्याच वेळापूर्वी कळला होता. शेवटचे अक्षर उच्चारून तो मंचावरच कोसळला, आनंदाने. ५२ हजार ५०० डॉलर आणि चषक.

अशा विजयानंतर तिथे समाजमाध्यमांवर दरवेळी एक सूर उमटत आला आहे: एखादा ‘अमेरिकन’ कधी जिंकणार? मुलगा जन्मला तिथे, शिकला तिथे, भाषा त्यांच्यापेक्षा चांगली जाणतो, तरी नाव ऐकून त्याला बाहेर उभे करायचे. हे वाचून मला परके वाटले नाही. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी स्टाफरूममध्ये, एसटीत, लग्नात ऐकले असेल? बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसते. पण त्यात गृहीत असते की ही भाषा तुमची नाही, तुम्ही ती उसनी घेतली आहे. दुसऱ्या बाजूला आपल्याच मोहल्ल्यात मराठीला ‘त्यांची जबान’ म्हणणारे आहेतच. दोघे मिळून एकच भिंत दोन बाजूंनी बांधतात.

आपल्या तालुक्यात पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथल्या परिसरात आहे. त्याच भास्कराचार्यांची ‘लीलावती’ १५८७ साली फारसीत नेली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने. फैजी आणि फैजान, एकाच ‘फैज’ धातूची नावे. फैज म्हणजे भरून वाहणे, इतरांना लाभ होणे. संस्कृत गणित फारसीत नेताना फैजीने ते कुणाचे हे विचारले नाही, अर्थ काय हे विचारले.

माझ्या वर्गात चुका रोज होतात. मराठीच्या वहीत एक मुलगी ‘जागतिक महिला दीन’ लिहिते. लाल शाईने गोल करणे सोपे असते. पण तिला विचारले तर कळते की घरी ती ‘दीन’ हा शब्द रोज ऐकते, धर्म या अर्थाने. मराठीत दीन म्हणजे गरीब, दिन म्हणजे दिवस. तीन अर्थ एका वेलांटीवर टांगलेले. ही मुलगी मठ्ठ नाही. तिच्या डोक्यात दोन भाषांचे शब्दकोश एकाच वेळी उघडे आहेत. शिवाय तिसरी इंग्रजी. अशा मुलांना आपण प्रश्न विचारू देतो का? ‘सर, हा शब्द कुठून आला?’ असे विचारणाऱ्याला ‘गप बस, पाठ कर’ हे उत्तर मीही दिले आहे, पोर्शन संपवायच्या घाईत.

फैजानच्या शेवटच्या शब्दाचा अर्थ सांगायचा राहिला. एखादी अस्पष्ट गोष्ट स्पष्ट करून सांगणे, असा तो आहे. उर्दूत त्याला वजाहत म्हणू. मराठीत त्याला चपखल शब्द आहे: खुलासा. तोही मूळ अरबी. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, गाभा. मराठीत येऊन त्याचा अर्थ स्पष्टीकरण झाला, आणि आम्हा शिक्षकांना तो भेटतो तो ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’ या पत्रात. शब्दाने घर बदलले, अर्थ बदलला, आणि त्याला परका म्हणायची कुणाला आठवणही राहिली नाही. माणसांच्या बाबतीतही हे व्हायला हवे. तोवर आपल्या मुलांना दोन गोष्टी शिकवता येतील: अडले की विचारायचे, आणि ३७० वा नंबर आला तरी पुन्हा रांगेत उभे राहायचे.