काडतुसाची पुंगळी

काडतुसाची पुंगळी म्हणजे गोळी, दारू आणि प्रायमर यांना एकत्र धरून ठेवणारे धातूचे आवरण होय. ती मुख्यतः सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची बनवतात. महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) आणि वरणगाव (स्थापना १९६४) येथील सरकारी कारखान्यांत काडतुसे तयार होतात.

पितळ आणि तडे

बार उडताच पुंगळी फुगून नळीचे मागील तोंड बंद करते व लगेच आकसते. हा लवचीकपणा हा पितळेचा मुख्य गुण आहे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवलेल्या पुंगळ्यांना तडे जात. दमट हवेतील अमोनिया व धातूतील अंतर्गत ताण ही त्याची कारणे १९२१ मध्ये स्पष्ट झाली. घडणीनंतर पुंगळी बेताने तापवल्यास हा ताण कमी होतो.

निकेलचा मुलामा

काही पुंगळ्यांवर निकेलचा पातळ थर देतात. चामड्याच्या पट्ट्यात दीर्घकाळ ठेवल्यास साध्या पितळेवर हिरवट थर चढतो. निकेलमुळे तो टळतो.

पुनर्भरण

वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वी साच्यातून मूळ मापावर आणतात. निकेल पितळेपेक्षा कठीण असल्याने अशा पुंगळीच्या तोंडाला लवकर चिरा पडतात आणि सुटलेल्या पापुद्र्यांमुळे साच्यावर ओरखडे येऊ शकतात. त्यामुळे वारंवार भरण्यासाठी साधे पितळ, तर दीर्घकाळ बाळगण्यासाठी निकेल अधिक योग्य ठरते.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार भारतात परवान्याशिवाय दारूगोळ्याची निर्मिती करता येत नाही.