मान्यतेची स्पर्धा

तुमच्यापैकी पुष्कळजण शिक्षक आहेत, तेव्हा 'मान्यता' या शब्दाचे वजन मी तुम्हांला सांगायला नको. शाळा तीच, फळा तोच, मास्तर तेच. पण मान्यतेचा कागद आला की पंचक्रोशीत शाळेची पत बदलते. कागद आला नाही, तर मास्तर कितीही जीव ओतून शिकवोत, बाप आपल्या पोराचे नाव काढतो आणि शेजारच्या गावच्या शाळेत घालतो. आज मी अशाच एका मान्यतेची हकिगत सांगणार आहे. ती शाळेची नाही, मुलांच्या खेळाची आहे, आणि घडली ती अमेरिकेत.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. फुटबॉल हे नाव त्यांनी चेंडू हातात घेऊन पळण्याच्या दुसऱ्याच एका दांडग्या खेळाला देऊन टाकले आहे. आपणही आज सॉकरच म्हणू. हा खेळ तिथे शाळेत आहे, कॉलेजात आहे. पण मुले खरी तयार होतात ती क्लबात. क्लब म्हणजे आपल्या तालमीसारखी संस्था म्हणा ना! फरक इतकाच, की तालमीत वस्ताद आधी पोराची अंगकाठी बघतो आणि इथे आधी पावती फाडावी लागते. तुमच्या ओळखीचे कुणी न्यू जर्सीला स्थायिक झाले असेल, तर त्याला विचारा, शनिवारी सकाळी तू कुठे असतोस? मुलांना मोटारीत घालून मैदानावर, असे उत्तर यायचा संभव पुष्कळ आहे.

सुरुवात मात्र पावतीने झाली नव्हती. १९६४ साली लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स गावात काही मंडळींनी 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' काढली. नऊ संघ होते. त्यांचे एक तत्त्व मला फार आवडते : प्रत्येक मूल खेळले पाहिजे. नुसते बोलायला नव्हे, प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना मैदानावर उतरवायचे, असा दंडकच होता. शिकवणारे कोण? मुलांचेच आईबाप. पुढे १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगे आणि मुली असा भेद करायचा नाही, असे त्याने बजावले. त्यामुळे हळूहळू कॉलेजांना मुलींचेही संघ उभारावे लागले आणि मुलींच्या सॉकरला खेळाच्या शिष्यवृत्त्या आल्या. १९७५ साली ब्राझीलचा पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात खेळायला आला, तेव्हा तर या खेळाची हवाच झाली. ज्या व्यावसायिक लीगमध्ये तो खेळला ती १९८४च्या हंगामानंतर बंद पडली. पण मुलांचे मैदान तोवर भरून गेले होते.

मैदान भरले की चाळणी येते. सगळ्यांनी खेळावे हे ठीक, पण ज्यांना पुढे जायचे आहे त्यांचे काय? म्हणून निवडक मुलांचे क्लब निघाले. तिथे पगारी प्रशिक्षक आले आणि परगावचे सामने आले. त्यामागोमाग खर्च आला, तो पुढे वर्षाला हजारो डॉलरवर गेला. पुष्कळ राज्यांच्या लीगमध्ये तेव्हा शिडीची पद्धत होती : जिंकलात तर पुढच्या हंगामात वरच्या वर्गात, हरलात तर खालच्या. म्हणजे क्लब नवा असो, जुना असो, त्याची जागा मैदानावर ठरे.

त्या काळातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. टेक्सास राज्यात नॅकोडोचेस नावाचे एक लहान शहर आहे. तिथला क्लिंट डेम्प्सी, जन्म १९८३चा, मेक्सिकोहून आलेल्या कामगारांच्या मुलांबरोबर खेळत वाढला. घरची स्थिती बेताची. कुटुंब एका फिरत्या घरात राहत असे. चांगला क्लब डॅलसला, आणि डॅलस एका बाजूने तीन तासांच्या वाटेवर. आईबाप त्याला मोटारीने नेत आणि आणीत. थोरली बहीण टेनिस खेळणारी. दोघांचा खर्च झेपेना, तेव्हा क्लिंटने क्लब सोडला. पुढे ती बहीण १९९५ साली अकाली वारली. तो पुन्हा खेळू लागला, तो क्लबातल्या इतर मुलांच्या पालकांनी खर्चाला हातभार लावला म्हणून. याच मुलाने पुढे २००६, २०१० आणि २०१४ या तिन्ही विश्वचषकांत गोल केले, आणि राष्ट्रीय संघातर्फे एकूण ५७ गोल केले. आता तुम्हीच विचार करा, त्या चार पालकांनी खिशात हात घातला नसता तर?

अमेरिकेच्या सॉकर महासंघालाही असलेच काही प्रश्न पडत होते. मुले सामने फार खेळतात, सराव कमी करतात, जो तो क्लब करंडकांच्या मागे धावतो, अशी त्यांची तक्रार होती. आणि ती खरी होती. म्हणून २००७ साली महासंघाने मुलग्यांसाठी 'डेव्हलपमेंट अकादमी' नावाची देशभराची लीग काढली. सामने कमी, सराव जास्त, शिकवण्याची पद्धत ठरलेली. माझ्या मते हेतू प्रामाणिक होता. मेख होती ती दारात. या लीगमध्ये यायला शिडी नव्हती. क्लबाने अर्ज करायचा आणि महासंघाने निवड करायची. आपल्या राज्यातल्या सगळ्यांना हरवून आलेला क्लबही केवळ त्या बळावर आत जाऊ शकत नव्हता.

मग काय होते, हे तुम्ही ताडलेच असेल. एका शहरात दोन क्लब आहेत. एकाच्या सदऱ्याच्या बाहीवर अकादमीचा बिल्ला आला, दुसऱ्याच्या नाही. कॉलेजांचे आणि राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते बिल्लेवाल्यांच्या सामन्यांना जमतात. मग दुसऱ्या क्लबातली चांगली मुले पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच्या दारात उभी राहतात. मुले गेली की फी गेली, फी गेली की प्रशिक्षक गेला. म्हणून जो तो क्लब बिल्ल्यासाठी धडपडू लागला. कुणी शेजारच्याशी विलीन झाला, कुणी नाव बदलले, कुणी मैदाने वाढवली. या धावपळीत क्लब मुलाला काय शिकवतो हा प्रश्न मागे पडला, आणि क्लब कोणत्या लीगमध्ये आहे हा पुढे आला.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचेच खूळ. तसे नाही. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ साली बारा क्लबांनी काढली. तिथेही जवळजवळ शतकभर तळाच्या क्लबांना दरवर्षी सभासदांपुढे मतांसाठी हात जोडावे लागत. १९७२ साली बॅरो हा क्लब तळापासून तिसरा आला. त्याच वर्षी लीगबाहेरच्या हेरफर्डने चषकाच्या सामन्यात न्यूकॅसलला २-१ असे हरवून देशभर नाव कमावले होते. मतदान झाले. पहिल्या फेरीत दोघांना सारखी, २६-२६ मते पडली. दुसऱ्या फेरीत हेरफर्ड २९, बॅरो २०. बॅरोच्या खाली असलेले दोघे आत राहिले आणि बॅरो बाहेर गेला! परत यायला त्याला २०२० साल उजाडले. इंग्लंडने ही मतांची पद्धत सोडून १९८७ साली तिथे शिडी लावली. बरोबर वीस वर्षांनी अमेरिकेने मुलांच्या खेळात हे निवडीचे दार बसवले.

आता शिक्षकांना विशेष लागणारी गोष्ट. २०१२ साली अकादमीने हंगाम दहा महिन्यांचा केला आणि सांगितले, आमच्याकडे खेळणाऱ्या मुलाने शाळेच्या संघातून खेळायचे नाही. खासगी शाळेत शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या काही मुलांना सूट मिळे, बाकीच्यांना नाही. महासंघाचे म्हणणे असे, की शाळेचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, त्यात सामन्यांची गर्दी, शिकणे थोडे आणि दुखापती फार. हिशेबाने पाहिले तर यात चूक काढता येत नाही. पण अमेरिकेतल्या लहान गावात शाळेचा सामना म्हणजे काय असते? संध्याकाळी दिवे लागतात, सारा गाव बाकांवर येऊन बसतो, दुकानदार, पाद्री, आजीआजोबा. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांना गाव लोटतो, तसे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सांगायचे, की या बाकांकडे पाठ फिरव, शंभर कोसांवर मोजक्या माणसांसमोर खेळ, कारण तिथे निवडकर्ता येईल. आणि त्या शाळेच्या प्रशिक्षकाला, जो बहुधा तिथला इतिहासाचा नाहीतर गणिताचा शिक्षकच असतो, त्याला सांगायचे, की तुझ्या वर्गातला सर्वांत चांगला खेळाडू तुझा नाही. मी स्वतः इतिहास शिकवतो आणि आमच्या कॉलेजचा कबड्डीचा संघ हौसेने सांभाळतो. हे वाचले तेव्हा मला त्या अनोळखी मास्तरांची आधी आठवण झाली.

मुलींच्या बाबतीत गाडी वेगळ्या रुळावर होती. २००९ साली चाळीस क्लबांनी आपण होऊन 'एलीट क्लब्ज नॅशनल लीग' काढली. तिथे शाळेतर्फे खेळायला मज्जाव नव्हता. पण आत घ्यायचे कुणाला, हे इथेही आतलेच ठरवणार. लीग चांगली चालली. ती चालल्यावर २०१७ साली महासंघाने मुलींसाठीही आपली अकादमी काढली आणि मोठ्या क्लबांपुढे पेच टाकला : जुन्या घरी राहता, की नव्या वाड्यात येता? कित्येक गेले. त्यांतले काही वर्षभरातच परत फिरले. उलट त्याच २०१७ साली एलीट लीगने मुलग्यांसाठीही शाखा उघडली. म्हणजे दोन मान्यता, दोन बिल्ले, आणि दोन्हींकडे अर्जांचा ढीग. ज्या वर्षी हे चालले होते, त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमेरिकेचा राष्ट्रीय संघ त्रिनिदादमध्ये १-२ असा हरला आणि २०१८च्या विश्वचषकाला मुकला. १९८६नंतर असे प्रथमच घडले. एका पराभवाचे खापर मुलांच्या लीगवर फोडणे मला पटत नाही. पण तिथल्या वर्तमानपत्रांतून एक प्रश्न मात्र पुन्हा वर आला : खेळाडू पालकांच्या ऐपतीवर निवडायचा काय?

या साऱ्याच्या मुळाशी पैसा आहे, आणि तो कसा हे सांगितल्याशिवाय हकिगत पुरी होत नाही. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकत गेला, तर त्या रकमेतला पाच टक्के वाटा, त्याला वयाच्या बारा ते तेविसाव्या वर्षांपर्यंत शिकवणाऱ्या क्लबांना वाटावा, असा जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम आहे. त्यामुळे अन्य देशांतला लहान क्लब गरिबाचे हुशार पोर फुकट शिकवायला तयार होतो; उद्या ते नाव काढील, चार पैसे परत येतील. अमेरिकेच्या महासंघाने हा नियम आपल्या देशात चालू द्यायचे वर्षानुवर्षे टाळले, कायद्याच्या अडचणी पुढे केल्या. तिथली व्यावसायिक मेजर लीग सॉकर २०१९ साली म्हणाली, की यापुढे आम्ही आमच्या क्लबांचा वाटा मागू. या मेजर लीगमध्येही शिडी नाही. २०२३ साली सॅन डिएगोचा क्लब आत आला तो पन्नास कोटी डॉलर मोजून. तिच्या क्लबांनी आपापल्या अकादमी काढल्या, पुष्कळ ठिकाणी मुलांकडून फीही घेतली नाही. हे चांगलेच झाले. पण गावच्या क्लबाने आठ वर्षे घडवलेला मुलगा त्यांनी उचलला, तर गावच्या क्लबाच्या पदरात काय? काही नाही. त्याच्या मिळकतीची मुख्य वाट म्हणजे पालकांची फी, आणि फी देणारा पालक बिल्ला बघून येतो.

ही सगळी इमारत एका दिवसात खाली आली. २०२० साली कोरोनाच्या साथीत मैदाने बंद पडली, महासंघाची तिजोरी आटली, आणि १५ एप्रिलला महासंघाने मुलगे आणि मुली दोन्हींची अकादमी बंद केल्याचे जाहीर केले. ज्या बिल्ल्यासाठी तेरा वर्षे अर्ज, विलीनीकरणे, रुसवेफुगवे झाले, तो बिल्लाच नाहीसा झाला. त्याच दिवशी मेजर लीगने आपण मुलग्यांची नवी लीग काढतो असे सांगितले. तिचे नाव पुढे 'एमएलएस नेक्स्ट' ठेवले. मुलींच्या क्लबांनी 'गर्ल्स अकादमी' उभी केली. एलीट लीगने आपले दार मोठे केले. घरात बसलेले क्लबचालक दूरध्वनीवरून एकमेकांना विचारत होते, तुम्ही कुणीकडे? आम्हांला घेतील का? पोरे अंगणात भिंतीवर चेंडू मारीत होती.

साथ ओसरू लागली तशी मैदाने उघडली. पुष्कळ क्लबांत तेच गवत, तोच प्रशिक्षक, मुलेही बहुतेक तीच. सदऱ्याच्या बाहीवर तेवढा नवा बिल्ला शिवून घ्यायचा होता.