देवांची वाट पाण्यावरून

उज्जयिनीच्या नानाखेड्यात आमचे घर आहे. बसस्थानकाच्या गजबजाटातून रोज न्यायालयाची वाट धरताना महाकालाच्या दिशेने हात जोडले जातात, ते सवयीने. उज्जयिनीतील मराठी घरांत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट अक्षरओळखीपूर्वीच ठाऊक होते : आजचे महाकालाचे मंदिर रामचंद्रबाबांनी उभारले. रामचंद्रबाबा म्हणजे रामचंद्र मल्हार शेणवी सुखठणकर, राणोजी शिंदे यांचे दिवाण. राणोजींचा अंत १७४५ साली झाला. त्यांच्याच अमदानीत शिप्रातटीचा हा जीर्णोद्धार घडला. या अंकाच्या वाचकांना मात्र रामचंद्रबाबांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशाच्या चरणी अर्पण केला, तो याच सुखठणकरांच्या सांगण्यावरून. एकाच माणसाच्या हातून माळव्यात ज्योतिर्लिंगाला छत्र मिळाले आणि अंत्रुज महालात कुलदेवतेला वृत्ती मिळाली. आमच्या घराण्याला माळव्यात चार पिढ्या झाल्या. पण ज्या भूमीतून रामचंद्रबाबांचे घराणे निघाले आणि आमचेही निघाले, ती भूमी आम्ही कधी पाण्यावरून पाहिली नव्हती.

तो योग गेल्या मार्गशीर्षात आला. आम्ही पाचजण होतो : आम्ही उभयता, एक चुलतबंधू, त्यांच्या पत्नी आणि कायद्याच्या शेवटच्या वर्षात शिकणारा पुतण्या. पहिले दोन दिवस कळंगुटच्या पुळणीवर गेले. समुद्र भव्य खरा. पण तो कोणाचाच नसतो. तिसऱ्या दिवशी रायबंदरच्या धक्क्यावर एक लहान होडी ठरविली आणि दिवाडी बेटाला वळसा घालून संध्याकाळी परतण्याचा बेत केला. होडीचा तारी दिवाडीचाच, साठीकडे झुकलेला ख्रिस्ती गृहस्थ. निघण्यापूर्वी त्याने आमच्याकडे नव्हे, पाण्याकडे पाहिले आणि मगच दोर सोडला.

मांडवीच्या मुखाशी वसलेली ही बेटे नकाशावर लहान दिसतात. डाव्या हाताला चोडण, उजव्या हाताला दिवाडी, आणि मधून वाहणारे खारे पाणी. काठाने खारफुटीची दाट भिंत. तिच्या मागे बांध घालून समुद्राकडून मिळविलेली खाजनशेती आणि पाण्याची आवकजावक राखणाऱ्या मानशी. चोडणच्या पश्चिम टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदर-चोडण वाटेवर २०२५ पासून मोठ्या रो-रो बोटी धावू लागल्या. त्यातील एक आमच्या जवळून गेली तेव्हा तिच्या लाटेने आमची होडी पाळण्यासारखी हलली. चुलतबंधूंच्या पत्नींनी घाबरून मंगेशाचे नाव घेतले. तारी हसला नाही. त्यानेही हळूच छातीवर क्रूस काढला.

चोडण म्हणजे पूर्वीचे चूडामणी. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण असलेली मूर्ती मूळची याच बेटावरची; ती मये गावी गेली आणि तेथून माशेलास स्थिरावली. दिवाडीचा गणपती अखेर खांडोळ्यास गेला. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आला. आपल्या देवस्थानांचे स्थलपुराण वाचताना आपण 'देव अमुक गावी नेले' असे वाक्य वाचतो आणि पुढे जातो. होडीत बसल्यावर त्या वाक्यातील 'नेले' या क्रियापदाचे वजन कळते. तिसवाडीची ही गावे पाण्याने वेढलेली आहेत. देव नेले म्हणजे पाण्यावरून नेले. बैलगाडी नाही, पालखी नाही, वाद्ये तर नाहीतच. एक होडी, भरतीची वेळ, आणि काळोख.

हा स्थलांतराचा प्रसंग का ओढवला, याचे कारण दफ्तरी सापडते. १५२६ साली पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज नोंदवून सनद तयार केली. गावच्या जमिनीचे व्यवस्थापन गावकऱ्यांचे, हे तत्त्व तिने मान्य केले. पण चौदा वर्षांतच, १५४० च्या सुमारास, याच बेटांवरील देवळे पाडण्यात आली, आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. वकिलाच्या डोळ्यांनी पाहता येथे देवळाबरोबर देवाची मिळकतही गेली. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण सभा स्थापन झाली, आणि उरलासुरला आधारही तुटला.

दुपारच्या आत आम्ही नार्व्याला उतरलो. झाडीने वेढलेल्या सखल जागेत सप्तकोटीश्वराचे मंदिर आहे. समोर दीपस्तंभ, वर घुमट, आणि गाभाऱ्यात कंगोरे असलेले धारालिंग. सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केल्यावर शिव प्रसन्न झाला, अशी त्याची पुराणकथा. इतिहासही तितकाच दीर्घ आहे. कदंब राजांचे हे आराध्य दैवत. बाराव्या शतकात राज्य केलेल्या शिवचित्त परमर्दिदेवाने आपल्या सुवर्णनाण्यांवर 'सप्तकोटीश्वराच्या वराने अनुगृहीत' अशा अर्थाचे बिरुद कोरविले. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात दिवाडीवरील मूळ मंदिर उद्ध्वस्त झाले; त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा माधवमंत्री याने ते पुन्हा उभारले; पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकात ते पुन्हा पडले. लिंग एका विहिरीवर पाणी काढण्याच्या कामी लावले होते आणि भाविकांनी ते तेथून हलवून नदीपलीकडे डिचोली महालात आणले, ही कथा नार्व्यात प्रत्येकाच्या तोंडी आहे. शिवाजी महाराजांनी तेथे मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला, त्याची नोंद दारावरच्या शिलालेखात आहे : शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शासनाने केलेल्या अलीकडील जीर्णोद्धारानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत हे मंदिर पुन्हा दर्शनाला खुले झाले.

तेथून पाणी ओलांडून आम्ही दिवाडीवरील मूळ जागेकडे गेलो. मंदिर नाही. एक जुनी तळी आहे, तिच्या पायऱ्यांवर गवत. या तळीला कोटितीर्थ म्हणतात. ते नाव ऐकताच आम्ही उज्जयिनीचे पाचहीजण थबकलो. कारण महाकालाच्या आवारातील कुंडाचे नावही कोटितीर्थच. १२३४-३५ मध्ये सुलतान इल्तुतमिशने महाकालाचे मंदिर पाडले. समकालीन इतिहासकार मिनहाज लिहितो की महाकालाचा पाषाण दिल्लीस नेला. उज्जयिनीची परंपरा सांगते की लिंग कोटितीर्थाच्या कुंडात दडले होते. साक्षीदार दोन, जबान्या दोन. न्यायालयात आम्ही लेखी पुराव्याला अधिक वजन दिले असते. पण ज्या गावाने पाचशे वर्षे मंदिरावाचून त्याच स्थळाला नमस्कार केला, त्या गावाच्या स्मृतीला पुराव्याच्या कायद्यात कोणते कलम लावावे, हे आम्हाला अजून ठरविता आलेले नाही.

दिवाडीच्या टेकडीवर पिएदाद चर्च आहे. त्याच्या स्मशानभूमीतील लहान चॅपेलच्या छताला कदंबकालीन कोरीव दगड अद्याप आहेत. पुतण्या ते छत बराच वेळ पाहत राहिला. होडीत परत बसताच त्याने विषय काढला.

"काका, मूळ जागा आपली होती हे सिद्ध आहे. मग तेथेच पुन्हा मंदिर का नको? २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा शासनाने अशा मंदिरांच्या पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपये ठेवलेच होते की."

आम्ही उत्तर देणार तोच होडी थांबली. जुव्याच्या बाजूला वळताना उथळ पात्रात तळाचा चिखल लागला होता. तारी वल्हे टेकून म्हणाला, "सुकती लागल्या सायबा, आतां भरतेची वाट पळोवंक जाय."

पुढचा दीड तास आम्ही पाण्याच्या स्वाधीन होतो. समोर जुवे बेट. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या लोकांनी अशाच ओहोटीच्या वेळी, रात्री, पात्र ओलांडून तेथील किल्ला घेतला होता. तो परत घ्यायला आलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, पराभूत होऊन कसाबसा गोव्यास परतला. पाठलागात महाराजांनी घोडा पाण्यात घातला आणि ओढीत सापडलेल्या घोड्याला खंडो बल्लाळांनी धरून राखले, असे बखरी सांगतात. ज्या सुकतीने एका सैन्याला वाट दिली, तिनेच आमची वाट अडविली. या प्रदेशाचा इतिहास पंचांगाइतकाच भरती-ओहोटीने लिहिलेला आहे.

त्या सक्तीच्या विश्रांतीत पुतण्याला त्याच्याच शास्त्रातले उत्तर दिले. "अरे, १९२५ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा मल्लिक खटला तू वाचला आहेस. देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, एवढेच तेथे ठरले नाही. देवाला कोठे ठेवावे याविषयी देवाची स्वतःची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, आणि ती मांडायला निःस्वार्थी वादमित्र नेमला पाहिजे, असेही ठरले."

"मग सप्तकोटीश्वराची इच्छा काय, हे कोण सांगणार?"

"ज्याने त्या रात्री लिंग होडीत घेतले, तो त्याचा वादमित्र. पकडला गेला असता तर शिक्षा त्याला होती, आणि लाभ त्याला काहीच नव्हता. त्याच्याहून निःस्वार्थी कोण सापडेल? त्याने देव नार्व्याला नेला. छत्रपतींनी त्या स्थानाला मान्यता दिली. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ पूजा तेथे चालली. आता मूळ जागेचे स्मारक अवश्य व्हावे, तळीच्या पायऱ्या दुरुस्त व्हाव्यात, दगडावर खरा इतिहास कोरला जावा. पण देवाचे घर कोणते, हा निवाडा त्या रात्री होऊन गेला आहे."

पुतण्याचे समाधान झाले असे म्हणवत नाही. "काका, तो वादमित्र तुम्ही गृहीत धरता. त्याचे नाव कोठे आहे?" असे त्याने विचारले, आणि या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

खरोखरच ते नाव कोठे आहे? जीर्णोद्धार करणाऱ्या छत्रपतींचे नाव शिलालेखात आहे. वृत्ती मिळवून देणाऱ्या सुखठणकरांचे नाव देवस्थानच्या इतिहासात आहे. पण चोडणहून, दिवाडीहून, कुशस्थळीहून ज्या ताऱ्यांनी देव पार केले, त्यांचे नाव आपण जपले नाही. कदाचित त्यांपैकी काहींचे वंशज पुढे ख्रिस्ती झाले असतील. आमचा तारीही त्यांच्याच कुळातला नसेल, असे कोणी सांगावे? तो मात्र आमच्या वादात पडला नाही. आपल्या जेवणाच्या डब्यातील भाजलेली रताळी त्याने आम्हाला वाटली आणि पाण्यावर नजर ठेवली. बोलता बोलता एवढेच कळले की गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेत स्नानाला येणाऱ्या भाविकांना तो दर वर्षी पार करतो, आणि त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांकडून पैसे घेत नाही. त्याचे वडीलही घेत नसत.

भरती आली, होडी आपोआप उचलली गेली, आणि दिवेलागणीला आम्ही जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागलो. ठरलेल्या भाड्याहून अधिक रक्कम पुढे केली तेव्हा त्याने ती मोजून वरची परत केली.

उज्जयिनीला परतल्यावर कोटितीर्थाच्या काठी उभे राहिलो, तेव्हा हात जोडले गेले ते सवयीने नव्हे. वाचकांना एक विनंती करून हा लेख संपवितो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या वह्या, महाजनांच्या यादी, देवस्थानच्या हिशेबाचे कागद पेटीच्या तळाशी पडून असतील. त्यांत एखाद्या ताऱ्याला दिलेला नारळ, एखाद्या होडीवाल्या घराण्याचा मान, उत्सवात कोणाला राखून ठेवलेला प्रसाद, अशी नोंद सापडली तर ती या मासिकाकडे पाठवावी. न्यायालयात नाव नसलेल्या साक्षीदाराची साक्ष वाचली जात नाही. आपल्या देवांचा वादमित्र चारशे वर्षे नावावाचून उभा आहे. त्याचे नाव पुकारण्याची पाळी आता आपली आहे.