समान वेतनाचें माप

पगार मोजणें सोपें आहे. वहींत पाहिलें कीं आंकडा सांपडतो. परंतु स्त्रीचा पगार ताडून पाहावयाचा तो कोणत्या पुरुषाच्या पगाराशीं? हा प्रश्न मुंबईच्या एका खटल्यानें धसास लावला.

समान कामास समान वेतन हें तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदांत १९५० पासूनच होतें. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारास भारतानें १९५८ सालीं मान्यताहि दिली. कायदा मात्र १९७६ सालीं झाला. एकाच किंवा सारख्या स्वरूपाचें काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांस सारखें वेतन द्यावें, अशी त्याची आज्ञा होती.

मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या कचेरींत पुरुष लघुलेखक होते, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दिमतीस ‘गोपनीय लघुलेखिका’ होत्या. अशा एका बाईची नोकरी १३ जून १९७७ रोजीं संपली. पुरुष लघुलेखकांहून आपणांस कमी पगार मिळाला, अशी तिनें तक्रार केली. पहिल्या अधिकाऱ्यास दोघांचें काम एकच दिसलें. तरीहि पगार १९७५ सालीं संघटनेशीं झालेल्या कराराप्रमाणें ठरले होते, एवढ्यावर त्यानें तक्रार फेटाळली. कापड आपण मोजावें आणि माप दुकानदाराचें धरावें, तशांतलाच हा प्रकार! अपिलांत निकाल फिरला. सुमारें साडेसात महिन्यांचा फरक ७,१९६ रुपये ६७ पैसे ठरला. म्हणजे महिन्याकाठीं नऊशांहून अधिक. कंपनी उच्च न्यायालयांत हरली व दिल्लीस गेली.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २६ मार्च १९८७ रोजीं झाला. हुद्द्याच्या नांवावर जाऊं नये, प्रत्यक्ष होणारें काम पाहावें, आणि क्षुल्लक भेद सोडून द्यावे, असें न्यायालयानें सांगितलें. गोपनीय कामावर स्त्रियाच नेमाव्या, असा नियम नव्हता कीं रूढि नव्हती. तेथें स्त्रियाच दिसत असतील तर ती व्यवस्थापनाची इच्छा. खरें मर्म येथेंच आहे. पद वेगळें काढून त्यावर स्त्रियाच बसवल्या, म्हणजे तुलना करावयास पुरुष उरत नाहीं आणि विषमता वहींत दिसतच नाहीं. कंपनीनें आर्थिक अडचणहि पुढें केली. पण कायद्याचा अंमल मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाहीं, असें उत्तर मिळालें.

या बाईस ताडून पाहावयास शेजारच्या टेबलावर पुरुष लघुलेखक तरी होते. ज्या कारखान्यांत ठराविक काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनींच केलें व त्याच्या जवळपासचेंहि काम करणारा पुरुष नव्हता, तेथें या कायद्याचें माप लावावयाचें कोणास?