पाऊस, वाफ आणि प्रतीक्षा

५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने नेली. निमित्त दारूबंदीच्या सभेचे होते आणि जाण्यायेण्याचे भाडे होते माणशी एक शिलिंग. सहलीच्या गाड्यांचा इतिहास सांगताना या गाडीचा उल्लेख हटकून होतो. ती वाफेवर चालत होती हे मुद्दाम सांगावे असे तेव्हा कुणालाही वाटले नसते. महत्त्व होते ते माणसे कुठे चालली आहेत याला.

आज ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनाची सहलगाडी निघते तेव्हा हा क्रम उलटा झालेला असतो. गाडी कुठे जाते हे दुय्यम, ती कोण ओढते हे मुख्य. आणि या गाडीभोवती आणखी एक वर्ग असतो, ज्याने तिकीटच काढलेले नाही. तो डोंगरउतारावर, पुलाच्या कडेला, फलाटाच्या टोकाला उभा असतो. अंगावर रेनकोट, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आणि नजर वळणाकडे. पावसात तास दोन तास भिजायचे आणि वीस सेकंदांत निघून जाणारी गाडी पाहायची, हा उद्योग वेडेपणाचा वाटतो खरा. पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि एका रेल्वेमार्गाच्या जगण्यामरण्याचा प्रश्नही आहे.

पावसातली आगगाडी प्रथम टिपली ती कॅमेऱ्याने नव्हे, कुंचल्याने. १८४४ मध्ये टर्नर या चित्रकाराने लंडनच्या रॉयल अकॅडमीत एक तैलचित्र मांडले. त्याचे नाव मराठीत ‘पाऊस, वाफ आणि वेग’ असे होईल. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी मेडनहेड इथल्या ब्रुनेलने बांधलेल्या विटांच्या पुलावरून पाहणाऱ्याच्या अंगावर येते आहे. पूल, नदी, आभाळ सारे पावसात विरघळलेले. ठसठशीत दिसते ते फक्त इंजिनाचे काळे धुराडे. रुळांवर गाडीपुढे एक ससा धावतो आहे, पण रंग विटल्यामुळे आता तो शोधावाच लागतो. टर्नरने वादळी पावसात धावत्या गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढून हे दृश्य न्याहाळले, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, चित्र मात्र एक गोष्ट स्पष्ट करते. पाऊस हा गाडीच्या चित्रातला अडथळा नसून चित्राचा अर्धा विषय आहे, हे रेल्वेच्या अगदी बाल्यावस्थेतच एका माणसाला उमगले होते.

त्या काळच्या कॅमेऱ्याला हे झेपणारे नव्हते. प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत आणि धावती गाडी तेवढा वेळ थांबणार कशी? पुढे काचा वेगवान झाल्या, झडपा जलद झाल्या. तरी रेल्वेच्या छायाचित्राचा एक ठरीव साचा पक्का झाला: सूर्य पाठीशी, इंजिन समोरून तिरके, चाके आणि दांडे स्वच्छ उजेडात. कंपन्यांना प्रसिद्धीसाठी असेच फोटो हवे असत आणि हौशी मंडळीही त्यालाच उत्तम म्हणत. आभाळ भरून आले की कॅमेरा पिशवीत जाई.

यामागे निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, हिशेबाचाही होता. रंगीत पारदर्शिकांसाठी नावाजलेल्या कोडॅक्रोम फिल्मची गती अनेक वर्षे २५ होती. लख्ख उन्हात भिंग बऱ्यापैकी उघडले तर तिच्यावर सेकंदाच्या आठशेव्या भागापर्यंत जाता येई. दाट ढग आणि पाऊस असेल तर तोच आकडा पन्नासाव्या भागावर किंवा त्याहून खाली येई. ताशी ६० मैलांनी धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २७ मीटर कापते, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ती अर्ध्या मीटरहून अधिक सरकते. फोटोत इंजिनाऐवजी काळा फराटा येणार हे ठरलेलेच. ४०० गतीची कृष्णधवल फिल्म सोळापट संवेदनशील असल्याने पावसात तोच एक आधार होता. पावसाळी रेल्वेचित्रे बराच काळ कृष्णधवल राहिली याचे एक कारण हे आहे.

मग तरीही पावसात जायचे कशासाठी? याचे उत्तर वाफेच्या स्वभावात आहे. खरी वाफ दिसतच नाही. धुराड्यातून निघणारे पांढरे लोट म्हणजे थंड हवेत वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. कोरड्या, उष्ण दिवशी ते थेंब पुन्हा हवेत विरतात आणि इंजिन जणू काहीच करत नसल्यासारखे दिसते. थंड, ओलसर हवेत मात्र ते टिकतात. लोट गाडीच्या मागे डब्यांवरून लांबवर रेंगाळतो, जड होऊन दरीत उतरतो. जुलैच्या उन्हात न दिसणारे श्रम नोव्हेंबरच्या पावसात डोळ्यांना दिसतात.

पावसात हे श्रम नुसते दिसत नाहीत, वाढतातही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांची पकड मुळातच बेताची, त्यात रूळ ओले. जाणकार सांगतात की मुसळधार पाऊस परवडला, पण भुरभुर नको. मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो, भुरभुरीत मात्र रुळांवरची धूळ आणि तेल यांचा निसरडा लेप तयार होतो. चढावर अशा वेळी चाके जागच्या जागी गरगरा फिरतात, धुराड्याचा ठोका एकदम बंदुकीच्या फैरीसारखा होतो आणि ड्रायव्हरला झटकन वाफ कमी करावी लागते. यावरचा जुना उपाय म्हणजे वाळू. १८८०च्या दशकात इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेच्या कारखान्यात फ्रान्सिस होल्ट याने वाफेच्या झोताने वाळू थेट चाकाखाली फेकण्याची युक्ती काढली. ती इतकी यशस्वी झाली की चालक चाकांची एकच जोडी असलेली, कालबाह्य ठरू लागलेली इंजिने त्या कंपनीने पुन्हा बांधायला घेतली. कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कान असतील तर पावसातला चढ हा त्याच्यासाठी ऐकण्याचाही प्रसंग असतो.

याच मिडलंड रेल्वेने बांधलेला सेटल ते कार्लाइल हा ७२ मैलांचा मार्ग १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. पेनाइन डोंगरातून जाणारा हा मार्ग पावसाचे माहेरघरच आहे. रिबलहेड इथला २४ कमानींचा दगडी पूल उघड्या माळावर वाऱ्यापावसाला तोंड देत उभा आहे. तिथला स्टेशनमास्तर एके काळी हवामानाच्या नोंदीही पाठवत असे. सेटलकडून निघणारी गाडी सुमारे पंधरा मैल शंभरास एक असा चढ चढते आणि पुढे एस गिल इथे १,१६९ फुटांवर माथा गाठते. वाफेच्या गाड्या पाहणाऱ्यांची ही पंढरी.

११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने नियमित वाफयुगाला निरोप देणारी सहलगाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला नेली आणि परत आणली. भाडे १५ गिनी, म्हणजे १५ पौंड १५ शिलिंग. त्या काळी भलतेच महाग. मँचेस्टर ते कार्लाइल हा टप्पा ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’ या इंजिनाने ओढला. मार्गावर जागोजाग हजारो लोक जमले होते. दुसऱ्या दिवसापासून मुख्य मार्गांवर वाफेला बंदी आली. अपवाद एकच, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. तिच्या खाजगी मालकाने आधीच करार करून ठेवला होता. रेल्वेला आधुनिक दिसायचे होते आणि कोळशाचा धूर त्यात बसत नव्हता. ही बंदी तीनच वर्षे टिकली. ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘किंग जॉर्ज पाचवा’ हे इंजिन पुन्हा मुख्य मार्गावर धावले आणि त्यानंतर ठरावीक मार्गांवर सहलगाड्यांना परवानगी मिळू लागली. १९७८ मध्ये सेटल–कार्लाइल मार्गही त्यात आला.

दरम्यान पाहणाऱ्यांची दृष्टी बदलली होती. वाफ संपणार हे दिसू लागल्यावर कॉलिन गिफर्डसारख्या छायाचित्रकारांनी चकचकीत इंजिनाचा साचा सोडला. त्याची ‘डिक्लाइन ऑफ स्टीम’ (१९६५) आणि ‘ईच अ ग्लिम्प्स’ (१९७०) ही पुस्तके पाहिली की ध्यानात येते, इथे इंजिन कधी कोपऱ्यात आहे, कधी नुसती सावली आहे. ओले फलाट, धुके, कारखान्यांच्या भिंती आणि कामावर निघालेली माणसे यांना तितकेच मोल आहे. ज्या जगात हे यंत्र राबले त्या जगासकट ते टिपायचे, तर हवामान वगळून कसे चालेल?

जुन्या पद्धतीचा सर्वांत लाडका छायाचित्रकार एक धर्मगुरू होता. एरिक ट्रेसी १९३०च्या दशकात लिव्हरपूलच्या एज हिल या रेल्वे वस्तीत काम करताना इंजिनांच्या प्रेमात पडले. पुढे ते वेकफील्डचे बिशप झाले, तरी ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याशी त्यांची दोस्ती तुटली नाही. त्यांचे फोटो बहुधा चढावरच्या इंजिनांचे असत. १३ मे १९७८ रोजी सेटल–कार्लाइल मार्गावरील ॲपलबी स्थानकात ते सहलगाडीची वाट पाहत असताना त्यांना मृत्यू आला. येणाऱ्या गाडीचे इंजिन होते ‘इव्हनिंग स्टार’, ब्रिटिश रेल्वेने १९६० मध्ये बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन. त्यांचा चित्रसंग्रह आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

ही सगळी हौस म्हणून सोडून देता आली असती, पण १९८३-८४ मध्ये तो मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला. रिबलहेडच्या पुलाची दुरुस्ती परवडणार नाही असे कारण होते. पाण्याने तो आतून खिळखिळा होत होता. म्हणजे जो पाऊस फोटोंना रूप देत होता, तोच पूल पोखरत होता. या मार्गाच्या बाजूने सुमारे बावीस हजार हरकती दाखल झाल्या. त्यांत रस्वार्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि तो भाडे भरणारा प्रवासी असल्याने ती हरकत ग्राह्य धरली गेली. सहलगाड्यांनी आणि त्यांच्या छायाचित्रांनी हा आडवाटेचा मार्ग देशभर घरोघरी पोहोचवला होता. प्रवासीसंख्या कित्येक पटींनी वाढली आणि एप्रिल १९८९ मध्ये सरकारने प्रस्ताव फेटाळला. फोटोंनी पूल वाचवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण लोक ज्याच्यासाठी भांडतात ते त्यांनी आधी पाहिलेले असावे लागते, आणि ते दाखवण्याचे काम भिजत उभ्या राहिलेल्यांनी केले.

या छंदाला काळी बाजूही आहे. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दुरुस्त झालेली ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ लंडनहून यॉर्कला निघाली तेव्हा फोटोसाठी लोक थेट रुळांवर उतरले आणि गाडी थांबवावी लागली. ओल्या रुळांवर ब्रेक लागायलाही अधिक अंतर लागते, हे कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला आठवत नाही. दुसरीकडे पाऊसच न पडणे हीसुद्धा अडचण आहे. कोरड्या उन्हाळ्यात ठिणग्यांनी रुळांकडेचे गवत पेटते, म्हणून अशा काळात वाफेचे इंजिन काढून डिझेल जोडतात. पाऊस पकड काढून घेतो, पण चालण्याची परवानगीही देतो. आणि सर्वांत मोठा प्रश्न कोळशाचा. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली. ज्या देशाने कोळशावर जग फिरवले, त्याला आता या हौसेसाठी कोळसा बाहेरून आणावा लागतो.

मराठी वाचकाला इथे आपला घाट आठवल्यावाचून राहणार नाही. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाट सदतिसास एक अशा चढाचा. इंग्लंडचा तो नावाजलेला चढ त्यापुढे सपाट वाटावा. पण तिथे विजेची इंजिने १९३०च्या सुमारासच आली, म्हणजे सामान्य हौशी माणसाच्या हाती वेगवान फिल्म येण्याआधीच. नेरळ–माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून वाफेवर धावली, परंतु दरडींच्या भीतीने ती पावसाळ्यात बंदच ठेवायची रीत. दिल्लीहून अलवरला जाणारी १८५५ च्या ‘फेअरी क्वीन’ची सहलगाडीही थंडीतली. आपल्याकडे पाऊस हा सहलीचा ऋतू आहे, वाफेच्या सहलगाडीचा नव्हे. साहजिकच सह्याद्रीच्या पावसातली वाफ आपल्याकडे आजोबांच्या बोलण्यात राहिली, चित्रांत फारशी उतरली नाही.

माथेरानच्या मूळ चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन पुढे ब्रिटनमध्ये गेले आणि लेटन बझर्ड इथल्या दोन फुटी रुळांवर हौशी मंडळींनी ते सांभाळले. नेरळच्या शेडमध्ये जे यंत्र पावसाळाभर विसावत असे, ते तिकडे गेले ते पावसाची सवय असलेल्या लोकांत. जतन या शब्दाचा अर्थ इथे नीट उलगडतो. संग्रहालयात पुसून ठेवलेले इंजिन लोखंड म्हणून टिकते. पण ओला रूळ, घसरणारे चाक, चाकाखाली पडणारी वाळू आणि भट्टीत फावड्याने कोळसा टाकत चढ जिंकणारी दोन माणसे यांचे जतन उघड्यावरच होते. पावसात उभा राहणारा छायाचित्रकार त्या कष्टांचा साक्षीदार असतो. कोळसा संपेल, परवानग्या आटतील, आणि एक दिवस वळणावरून काहीच येणार नाही. त्या दिवसानंतर हे यंत्र कसे राबत होते असे कुणी विचारले, तर उन्हातल्या देखण्या चित्रांपेक्षा त्या ओल्या, अंधुक चित्रांकडेच बोट दाखवावे लागेल.