गुराख्यांचा किल्ट

स्कॉटलंड म्हटले की बॅगपाइप वाजविणारा, चौकटींच्या कापडाचा ‘घागरा’ घातलेला पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. एडिंबराच्या रस्त्यांवर तो दिसतोही. मात्र तोच किल्ट पाहण्यासाठी पर्यटक उत्तरेकडे, हायलँड्स या डोंगराळ मुलखात गेला, तर त्याचा काहीसा विरस होतो. मेंढ्यांमागे चालणारा तेथील शेतकरी रबरी बूट आणि मेण लावलेल्या कापडाचे जाकीट घालून असतो. किल्ट दिसलाच तर तो लग्नाच्या वऱ्हाडात किंवा गावच्या क्रीडामेळ्यात. ज्या डोंगरात हा पोशाख जन्मला, तेथील रोजच्या जगण्यातून तो जवळपास नाहीसा झाला आहे. तरीही गावाकडची काही माणसे आजही लाकडे फोडायला, कुत्री फिरवायला, दुकानात दूध आणायला किल्ट घालूनच बाहेर पडतात. त्यांना ‘आज काय विशेष?’ या प्रश्नाला वारंवार तोंड द्यावे लागते. रोजच्या वस्त्रावर ही पाळी कशी आली, याची कथा चारशे वर्षांची आहे.

घोंगडीचे नातलग

आजचा शिवलेला किल्ट हा मूळ पोशाखाचा केवळ खालचा अर्धा भाग होय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँड्स व पश्चिमेकडील बेटांवर जे वस्त्र प्रचारात होते, त्याला गेलिक भाषेत ‘फेला मोर’, म्हणजे मोठा किल्ट, म्हणत. हे अखंड, न शिवलेले लोकरी कापड असे. हातमागाचा पन्हा अरुंद असल्याने दोन पट्टे कडेला जोडून सुमारे दीड मीटर रुंदी साधली जाई. लांबी साडेचार-पाच मीटर. कापड जमिनीवर पसरायचे, मध्ये निऱ्या घालायच्या, त्यावर आडवे व्हायचे आणि कमरेला पट्टा आवळून उठायचे, अशी ते नेसण्याची एक रीत सांगितली जाते. कमरेखाली गुडघ्यापर्यंत निऱ्यांचा घेर आणि वरचा भाग खांद्यावर. पाऊस आला की तोच डोक्यावरून ओढायचा. आपल्याकडे धोतर ‘नेसतात’ आणि सदरा ‘घालतात’. त्या न्यायाने मोठा किल्ट नेसण्याचा होता, आजचा घालण्याचा आहे.

त्या कापडाला ‘प्लॅड’ म्हणतात आणि या शब्दाचा गेलिकमधील अर्थ ब्लँकेट किंवा घोंगडी असाच आहे. धनगराची घोंगडी जशी पावसात छत्री, थंडीत पांघरूण आणि रात्री अंथरूण होते, तशीच ही प्लॅड. हायलँड्समधील लोक काळी, ठेंगणी गुरे पाळत. उन्हाळ्यात ती उंच कुरणांवर नेत आणि तेथील दगडमातीच्या खोपटांत आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत. अशा माणसाला अंगावरच बिऱ्हाड हवे होते. अठराव्या शतकात तेथे राहिलेल्या एडमंड बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १७५४ मध्ये प्रसिद्ध झाली. थंडीत उघड्यावर झोपायची वेळ आली की हे लोक प्लॅड ओढ्यात भिजवून अंगाभोवती गुंडाळतात, असे तो लिहितो. ऐकायला विचित्र वाटते. पण भिजलेली लोकर फुगते, वारा अडविते आणि अंगच्या उष्णतेने आत ऊब धरते.

हे कापड घरीच तयार होई. लोकर रंगविण्यासाठी झाडपाला आणि खडकांवरचे दगडफूल वापरीत. विणलेले कापड घट्ट व्हावे म्हणून बायका फळीभोवती बसून, शिळ्या मूत्रात भिजविलेले ते कापड गाणी म्हणत तासन् तास आपटीत. ही श्रमगीते पश्चिमेच्या बेटांवर विसाव्या शतकापर्यंत टिकली.

खालचा अर्धा भाग तेवढा वेगळा करून ‘फेला बेग’, म्हणजे छोटा किल्ट, केव्हा झाला, यावर वाद आहे. लँकेशायरचा क्वेकर कारखानदार थॉमस रॉलिन्सन याने १७२० च्या दशकात ग्लेनगॅरीच्या जंगलात लोखंडाची भट्टी घातली. मोठी प्लॅड कामात अडते म्हणून त्याने मजुरांसाठी हा सुटसुटीत प्रकार काढला, अशी हकिगत १७८५ मध्ये एका मासिकात छापलेल्या पत्रात आहे. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने ती उचलून धरली. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले. स्कॉटलंडचे राष्ट्रीय वस्त्र एका इंग्रजाने शोधले, ही कल्पना तेथे फारशी लोकप्रिय नाही, हे उघड आहे. पण शोध कोणाचाही असो, छोटा किल्ट राबणाऱ्या माणसाची सोय म्हणून पुढे आला, हे दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखे आहे.

पस्तीस वर्षांची बंदी

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या हायलँडरांचा ब्रिटिश सैन्याने पराभव केला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून हायलँडचा पोशाख पुरुषांना व मुलग्यांना निषिद्ध ठरविला. १ ऑगस्ट १७४७ पासून तो लागू झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. सूट होती ती फक्त लष्कराला. कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. दरम्यान एक पिढी विजारीत वाढली होती. गरीब कुळांनी जुने वस्त्र पुन्हा मोठ्या प्रमाणावर स्वीकारले नाही.

कायद्याने जे गुराख्याच्या अंगावरून उतरविले, ते शिपायाच्या अंगावर चढविले. हायलँडच्या पलटणींनी किल्ट जगभर नेला. १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी या दोन्ही हायलँड पलटणीच होत्या. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत मात्र किल्टचे हाल झाले. निऱ्यांत उवा होत, चिखलाने वजन वाढे आणि गोठलेली कड गुडघ्यामागे कातडी कापी. १९४० मध्ये फ्रान्समध्ये कॅमेरॉन हायलँडर्सचे सैनिक किल्ट घालून लढले, ती रणांगणावरील अखेरची वेळ मानली जाते.

तिकडे मायदेशी किल्टचा दिवाणखान्यात प्रवेश झाला होता. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरास आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी राजा स्कॉटलंडच्या भूमीवर पाऊल ठेवीत होता. स्वागताची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या हाती होती आणि त्यांनी सारे शहर टार्टनमय करून टाकले. टार्टन म्हणजे आडव्या-उभ्या रंगीत पट्ट्यांची चौकट. स्थूल देहाचा राजा किल्टखाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे चढवून मिरवला आणि व्यंगचित्रकारांना आयताच विषय मिळाला. याच सुमारास सदरलंडसारख्या परगण्यांतून मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांना घराबाहेर काढले गेले होते. वस्त्राचा गौरव आणि ते नेसणाऱ्यांचे उच्चाटन शेजारी शेजारी चालले होते, ही गोष्ट टार्टनच्या गौरवगाथांत सहसा येत नाही.

पुढचे काम व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी केले. १८५२ मध्ये त्यांनी बालमोरलची जमीन विकत घेतली. तेथील टार्टनचा नमुना अल्बर्टने स्वतः आखला. प्रत्येक कुळाचे स्वतंत्र टार्टन ही समजूतही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाचीच आहे. बॅनकबर्नच्या विल्सन या विणकर पेढीच्या नमुन्यांना हळूहळू कुळांची नावे चिकटली आणि १८४२ मध्ये दोघा तोतया ‘स्टुअर्ट’ बंधूंनी प्राचीन म्हणून छापलेला ग्रंथ बनावट असूनही त्यातील काही टार्टन रूढ झाले. आज स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स ही सरकारी नोंदवही आहे. तिच्यासाठी २००८ मध्ये कायदा झाला.

आठ वारांचा हिशेब

लग्नातला किल्ट आणि कामाचा किल्ट यांत फरक आहे. पारंपरिक किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते. आपल्या नऊवारीहून एक वार कमी. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात आणि सारे कापड पाठीमागे निऱ्यांत जाते. निऱ्या घालताना टार्टनची चौकट तंतोतंत जुळवायची, ही कारागिराची कसोटी. हाताने शिवलेल्या किल्टला काही शे पौंड पडतात. एवढे महाग वस्त्र कोणी गोठ्यात घालणार नाही. म्हणून रोज वापरणारे बहुधा जुना, लष्करातून उतरलेला किंवा कमी कापडाचा, साध्या ट्वीडचा किल्ट पसंत करतात. वर लोकरी स्वेटर, खाली जाड मोजे आणि डोंगरी बूट. काळा कोट, चांदीच्या साखळीची कातडी थैली यांना येथे फाटा असतो.

त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. चढणीवर पाय मोकळे राहतात. दलदलीतून किंवा गुडघाभर ओढ्यातून गेले तरी ओली विजार पायाला चिकटून बसत नाही. उघडी पोटरी क्षणात सुकते. कमरेभोवती कापडाचे थर असल्याने तेथे ऊब टिकते. डोंगर, पाऊस आणि पायी चालणे एवढेच जग असते, तर किल्टहून चांगले वस्त्र सापडले नसते.

पण जग तेवढेच राहिलेले नाही. चारचाकी मोटारसायकलवर किल्ट वाऱ्याने उडतो. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ सैल वस्त्र जिवावर बेतू शकते आणि काटेरी तारेचे कुंपण ओलांडताना काय होते, ते सांगायला नको. मे ते सप्टेंबर पश्चिम हायलँड्समध्ये ‘मिज’ नावाच्या चिलटांचे थवे उघडे पाय फोडून काढतात. त्याहून गंभीर धोका गोचिडांचा. नेच्यांच्या झुडपांत त्या असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम रोगाची बाधा होते. लांब विजार घाला आणि ती मोज्यांत खोचा, असे आरोग्ययंत्रणेचे सांगणे असते. किल्ट या सल्ल्याच्या नेमका उलट आहे. जमीनदारांच्या इस्टेटींवर हरणांच्या शिकारीला वाट दाखविणारे ‘गिली’ही बहुतांशी गुडघ्याखाली येणाऱ्या ट्वीडच्या तुमानीतच दिसतात. प्रत्येक इस्टेटीच्या ट्वीडचा रंग तेथील खडक आणि झुडपे यांच्याशी मिळताजुळता असतो.

या गैरसोयी सोसता येतात. लोकांच्या नजरेचे ओझे वेगळे. रोजचा किल्टवाला शेजाऱ्याला हौशी वाटतो, पर्यटकाला छायाचित्राचा विषय आणि चेष्टेखोराला ‘आत काय?’ या जुन्या प्रश्नाची संधी. कायद्यानेही त्याच्या वस्त्राला ‘राष्ट्रीय पोशाख’ मानले आहे. मोज्यात खोचण्याची ‘स्किअन डू’ ही छोटी सुरी एरवी सार्वजनिक जागी बाळगता येणार नाही. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिला सवलत मिळते. एखाद्याने कामाचा किल्ट घालून कामाची सुरी बाळगली, तर ती या व्याख्येत बसवायची कशी, हा प्रश्न वकिलांसाठी आहे.

तरुणांत थोडा बदल मात्र दिसतो. राष्ट्रीय फुटबॉल संघामागे देशोदेशी जाणाऱ्या चाहत्यांनी टी-शर्ट, घसरलेले मोजे आणि जड बुटांबरोबर किल्ट घालण्याची रीत पाडली. २००० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे खिसे असलेला सुती ‘युटिलिकिल्ट’ बाजारात आला. पाकिस्तानातील सियालकोटहून स्वस्त किल्ट येतात. दुसरीकडे हाताने किल्ट शिवण्याची विद्या ब्रिटनमधील ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या संस्थेच्या धोक्यात आलेल्या कारागिरींच्या यादीत आहे. स्वस्त किल्टमुळे वापरणारे वाढतील. शिवणारे वाढतीलच असे नाही.

हाताने शिवलेल्या किल्टची एक बाजू मात्र स्वस्त मालाला सहसा साधत नाही. त्याच्या खालच्या कडेला दुमड नसते, कापडाचा मूळ काठच तेथे येतो. निऱ्यांत कापड भरपूर असल्याने माणूस जाड झाला तर पट्ट्यांची बक्कले सरकवितात. मुलाला द्यायचा झाला तर टाके उसवून, झिजलेला भाग निऱ्यांच्या आत घालून, तोच किल्ट पुन्हा शिवून घेतात. गावाकडे रोजच्या वापरात दिसणारे किल्ट अनेकदा असे वडिलांचे किंवा आजोबांचे असतात.