नमुन्याचा रुपया

कॅशियरला पैशाची फार आवड असते, असा लोकांचा समज आहे. हलवायाला जिलबीची असते तेवढीच! मला ओढ आहे ती कधीच न खर्चलेल्या नाण्यांची.

नवं नाणं काढायचं ठरलं की टाकसाळ आधी थोडे नमुने पाडते. साहेबलोक ते निरखतात, नाकं मुरडतात. पसंत पडलं तर नाणं बाजारात, नाही तर नमुना कपाटात. म्हणजे नाण्याचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच! 1834 साली कलकत्त्याच्या टाकसाळीत चौथ्या विल्यम राजाच्या चेहऱ्याचे असे चांदीचे नमुना-रुपये पडले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कलकत्त्यापेक्षा आमच्या मुळशीतल्या ताम्हिणीला जास्त पटलं असतं. (नावावरून ताम्हण आठवतं खरं, पण विषय चांदीचा आहे.) समजा, त्या सुमाराला ताम्हिणीचा एक शेतकरी घाट उतरून कोकणात बाजाराला गेला. कनवटीला पुण्याचा अंकुशी रुपया. त्यावर खूण हत्तीच्या अंकुशाची, अक्षरं फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं, आणि राज्य कंपनीचं! पेशवाई 1818 साली बुडाली, तरी कंपनीने पुण्यात अंकुशी रुपया पाडणं चालूच ठेवलं होतं. शिवाय बाजारात चांदवडी होता, सुरती होता. प्रत्येकाचा भाव निराळा. सराफ रुपया वाजवणार, कसाला लावणार आणि हळहळत म्हणणार, "बट्टा पडेल हो!" आपण नावाला बट्टा लागला म्हणतो ना, तोच हा बट्टा. शंभर रुपयेवाला घासाघीस करी. एकच रुपया असलेला निमूट देई.

मग 1835 च्या सतराव्या कायद्याने 1 सप्टेंबरपासून कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला. वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत आणि फारसीत 'एक रुपया'. आमच्या शेतकऱ्याला दोन्ही वाचता येत नव्हतं, पण वजन कळत होतं. राजेसाहेब 1837 साली वारले, तरी 1840 पर्यंत 1835 चीच तारीख घालून त्यांचे रुपये पडत राहिले. आमच्या काउंटरवर अशी जुनी तारीख घातलेला चेक आला असता, तर मी शिक्का मारून परत केला असता.

1835 च्याच सोन्याच्या मोहरेवर सिंह आणि ताडाचं झाड होतं. शंभर वर्षांनी, 1935 साली, रिझर्व्ह बँक निघाली तेव्हा तिच्या मुद्रेसाठी कंपनीच्या मोहरेवरचं हेच चित्र घेतलं. सिंहापेक्षा वाघ अधिक आपला, म्हणून सिंहाच्या जागी वाघ आला. पण डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांना नमुन्यातला वाघ कुत्र्यासारखा दिसला! कांदेपोहे तिथेही चुकले नाहीत. तो वाघ आजही नोटेवर आहे.

तो नमुन्याचा रुपया आज लिलावात मोठी किंमत घेतो, कारण त्याने कधी बाजार पाहिला नाही. माझा मान मात्र त्याच्या झिजलेल्या भावाला. तो हजारो हातांतून फिरला. सराफ काही एका दिवसात गेले नाहीत, जुने रुपयेही नाहीत. पण हळूहळू ताम्हिणीच्या माणसाच्या एकुलत्या एका रुपयालाही सावकाराच्या रुपयाइतकेच सोळा आणे मिळू लागले. चलन म्हणजे दुसरं काय असतं?